शिवेवरची पाटी

धाराशिव आमच्या गावापासून दीड कोस. शहर इतकं जवळ असलं की गावाची मोठी पंचाईत होते. लोहाऱ्याकडचे पाहुणे आले की म्हणायचे, तुमचं काय बाबा, तुम्ही शहरातली माणसं. आणि शहरात गेलं की तिथला दुकानदार आमच्या लुगड्याच्या ओच्याकडं बघून विचारायचा, कोणत्या खेड्याच्या बाई तुम्ही? म्हणजे ना धड इकडचे, ना धड तिकडचे. पण या गावाला कोणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. मी मूळची तुळजापूरची, मास्तराची मुलगी. लग्न होऊन इथं आले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, पुढं महाराष्ट्रात आला. गावाला विचाराल तर राज्य बदलल्याची खूण एकच होती, कचेरीतले कागद उर्दूचे मराठी झाले.

शहराचं पोट आम्हीच भरायचो. दिवस उगवायच्या आत बायका डोक्यावर टोपल्या घेऊन निघायच्या. मेथी, चुका, शेपू, अंबाडी, जे रानात असेल ते. त्यांच्या मागून सायकलला कळशा अडकवून दूधवाले, मग कडब्याच्या गाड्या, आणि बाजाराच्या दिवशी काळ्याभोर चकचकीत शेळ्यांचे कळप. शहरातल्या चुली आमच्या गोवऱ्यांवर पेटायच्या आणि वर तिथल्या बाया आम्हालाच सुनवायच्या, की गोवरी ओली आहे. दुधात पाणी घालता म्हणूनही ओरडायच्या. थोडं घालायचेही, खोटं कशाला बोलू.

शहरानं आम्हाला बदल्यात काय दिलं म्हणाल, तर कचेरीचा नाद. भाजी विकायला गेलेला गडी येताना कोर्टाच्या आवारात डोकावून यायचा. कोणाची पेशी आहे, कोणाची तारीख पडली, कोणता साक्षीदार फिरला, ही आमच्या पारावरची रोजची बातमी. ज्याला स्वतःचं नाव लिहिता यायचं नाही, तोसुद्धा म्हणायचा, तोंडी बोलू नगंस, दाखला दाव. घरात दोन जावांचं भांडण झालं तरी साक्षीदार कोण होतं हे आधी विचारलं जायचं. माहेरी असताना मी वकील लांबूनच पाहिले होते, इथं गल्लीत घरटी एक होता.

गावाचा सगळ्यात जुना मुकदमा होता शिवेचा. सडक येडशीकडून येते, आमच्या घरांपुढून जाते आणि धाराशिवला पोचते. येडशीच्या बाजूला घरांपासून पाऊण मैलावर एक ओढा, आणि ओढ्याच्या अलीकडं एक जमिनीची पट्टी. चार बाभळी, बाकी दगड. तीन शेळ्यांचं पोट भरेल एवढंही गवत तिथं उगवत नव्हतं. ओढ्यापलीकडचं गाव म्हणायचं पट्टी आमची. आम्ही म्हणायचो आमची. राज्यं बदलली, हाकिम बदलले, मुकदमा तोच. आणि आमच्या बाजूनं तो चालवत होते माझे सासरे.

मामंजी गावचे पाटील. उंच, सडपातळ, पांढरं धोतर कायम परीटघडीचं. कधी आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळं सगळे जास्तच घाबरायचे. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी ते शिवेपर्यंत पायी जाऊन यायचे. पट्टीवर उभं राहायचं, पलीकडच्यांना दिसेल इतका वेळ थांबायचं आणि परत यायचं. लोक देवाला जातात, मामंजी शिवेला जायचे.

मी मॅट्रिक झालेली होते. आमच्या गावात तेव्हा मॅट्रिक झालेली बाई मी एकटी, आणि मला त्याची घमेंड होती, नाकबूल कशाला करू. भाकरी थापताना, शेणकूर करताना मनात एकच, की हे सगळं मला येतं पण एवढंच यावं म्हणून मी शिकले नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी शहरातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका हवी असल्याचं वडिलांनी कळवलं. मी अर्ज टाकला आणि मला बोलावणंही आलं. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, दादा व्हय म्हनले तर माझं काय न्हाय. वडिलांना ते दादा म्हणायचे. आमच्या मालकांचं आयुष्यभर हेच वाक्य. माणूस सोन्यासारखा, पण हो म्हणायचं ते दुसऱ्याच्या तोंडानं.

मामंजींसमोर डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिले. त्यांनी ऐकून घेतलं. शिकवणं वाईट आहे असं ते म्हणाले नाहीत. पण पाटलाच्या सुनेनं रोज दीड कोस सडकेनं पायी जायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवानांनी बघायचं, हे होणार नाही म्हणाले. सायकलच्या मागं बसून जाण्याचा तर विषयच नको. मग म्हणाले,

"मोटार आपल्या गावात थांबाय लागली, तर त्या दिवसापास्नं जा. माझा शबुद हाय."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून गालात हसल्या. कारण मोटार गावात थांबत नव्हती आणि थांबेल अशी लक्षणंही नव्हती. येडशीहून निघालेली एसटी आमच्या दारापुढून धुरळा उडवत जायची आणि आम्ही ओट्यावर बसून बघायचो. शहर इतकं जवळ, इथं थांबून काय करायचं, असं तिचं म्हणणं.

मी हार मानणारी नव्हे. शाळेच्या मोठ्या बाईंना भेटून पुढच्या वर्षापर्यंत मुदत मागितली. गावाच्या वतीनं मोटारीच्या थांब्यासाठी अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, आणि घरोघर जाऊन अंगठे घेतले. भाजीवाल्या बायांनी सगळ्यात आधी दिले, त्यांच्या माना मोडत होत्या. मामंजींनीही सही केली. गावाच्या अर्जावर पाटलाची सही नसेल तर कसं दिसेल? सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, आम्हाला आठ लागले. पण एक दिवस एसटीचे साहेब आले. बरोबर दोन मजूर आणि लाकडी खांबावरची पाटी. पाटीवर काळ्या अक्षरात आमच्या गावाचं नाव.

साहेबांनी पारावर चहा घेतला आणि विचारलं, की पाटी कुठं रोवायची, तुमचं गाव कुठून सुरू होतं?

दुसऱ्या कुठल्याही गावानं पाराकडं बोट दाखवलं असतं. पण आमचं गाव कचेरीत मुरलेलं. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच आलं. सरकारी पाटी, वर गावाचं नाव, रोवणारा सरकारी माणूस. यापेक्षा मोठा दाखला कोणता? मामंजी उठले, साहेबांना म्हणाले, चला, दावतो. आणि सगळं गाव मागं घेऊन पाऊण मैल चालत शिवेवर गेले. ओढ्याच्या काठाला, बाभळीपाशी, स्वतः जागा दाखवून पाटी रोवून घेतली. साहेबांना वाटलं असेल की गाव मोठं आहे. पलीकडच्या गावची माणसं ओढ्यापाशी येऊन बघत राहिली. आमच्या लोकांनी येताना हलगी वाजवली.

घरी येऊन मालकांनी हे सगळं मला आनंदानं सांगितलं. मी चुलीपुढं कपाळाला हात लावून बसले. त्यांना विचारलं, अहो, मग मोटार कुठं थांबणार? त्यांच्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशीपासून गावाला कळायला लागलं. मोटार शिवेवर थांबायची, मग आमच्या दारापुढून न थांबता निघून जायची. शहर दक्षिणेला, आणि शहराला जायचं तर आधी उत्तरेला पाऊण मैल चालायचं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. भाजीवाल्या बायांनी दोन दिवस बघितलं, तोंड भरून शिव्या घातल्या आणि पुन्हा पायी जायला लागल्या. पाटीपासून पलीकडच्या गावची घरं मात्र हाकेच्या अंतरावर. ते आरामात ओढा ओलांडून यायचे आणि मोटारीत बसून आमच्या घरांपुढून जाताना खिडकीतून राम राम करायचे. पाटी तुमची, मोटार आमची, असं म्हणायचे. एकदा आमच्यातल्या दोघांनी दारापुढंच हात करून मोटार अडवली, तर ड्रायव्हरनं खिडकीतून सांगितलं, की पाटी असेल तिथंच थांबणार, पाटी इथं आणा, मी इथं थांबतो. अन् गेला निघून.

पाटी हलवायची भाषा मात्र पारावर कोणी काढली नाही. मुकदम्यात वकिलानं ती पाटी पुरावा म्हणून मांडली होती आणि पहिल्यांदाच आमचं पारडं जड झालं होतं. मामंजी संध्याकाळी जरा जास्तच वेळ शिवेवर थांबायला लागले.

मी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी मामंजी जेवून सुपारी कातरत बसले होते, तेव्हा त्यांच्यापुढं गेले.

"मामंजी, शिवेवरची पाटी आपल्या गावात आहे का नाही?"

त्यांचा अडकित्ता थांबला. माणूस हुशार, पुढचं सगळं त्यांना दिसलं. नाही म्हणावं, तर इतक्या वर्षांचा मुकदमा घरातल्या सुनेपुढं बुडाला. हो म्हणावं, तर मोटार गावात थांबते आणि दिलेला शब्द पाळायचा. आत्याबाई दाराआडून ऐकत होत्या. मामंजींनी माझ्याकडं बघितलं, मग सुपारीकडं बघितलं.

"हाय," ते म्हणाले. "म्हंजे हायच."

आणि आत्याबाईंना सांगितलं, की हिला सकाळी लवकर भाकरी बांधून देत जा. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. इतकं हसले की मालकांना वाटलं रडतेय.

अशी मी मास्तरीण झाले. रोज सकाळी उजव्या गालावर ऊन घेत शिवेपर्यंत चालायचं, मोटार धरायची आणि आपल्याच घरापुढून शहराकडं जायचं. मोटारीतून घर दिसायचं, ओट्यावर बसलेले मामंजी दिसायचे, ते मान दुसरीकडं वळवायचे. शाळेत मला दुसरीचा वर्ग दिला होता. पोरी गुणी होत्या. पहिल्या महिन्यात मला भीती वाटली, दुसऱ्या महिन्यात नाही वाटली. मोठ्या बाई कडक होत्या, पण एकदा माझा वर्ग खिडकीतून ऐकून काही न बोलता गेल्या, आणि शिपाई म्हणाला, बाई काही बोलल्या नाहीत म्हणजे पसंत पडलं. त्या काळात मला जगात कुणाचा हेवा वाटत नव्हता. नोकरी अजून कच्ची होती. दिवाळीनंतर तपासणी होऊन पक्की होणार होती.

त्याच वर्षी मला दिवस गेले. सहा महिने मी काही कुरकूर केली नाही. मग भादव्याचा पाऊस लागला. शिवेकडं जाताना सडक मधे उताराला लागते, तिथं रानातली काळी माती वाहून यायची आणि खडीचा पत्ता लागायचा नाही. चप्पल हातात घेऊन, दुसऱ्या हातानं ओचा धरून मी जायची. सातव्या महिन्यात एका सकाळी तिथंच पाय गेला आणि मी चांगली आपटले.

मला उठवलं ते पलीकडच्या गावच्या एका म्हातारीनं. ती मोटारीसाठी पाटीपाशी उभी होती, तिनं लांबून बघितलं आणि धावत आली. तिची मोटार गेली. तिनं मला धरून हळूहळू घरापर्यंत आणलं, चुलीपुढं बसवलं, आत्याबाईंना गरम पाणी ठेवायला लावलं. पाटलाच्या घरात त्या गावचं माणूस किती वर्षांत आलं नसेल, कोण जाणे. आत्याबाईंनी तिला चहा दिला. ती जाताना ओट्यावर मामंजी बसले होते, त्यांना म्हणाली, की पोर वाचली तुमची, पण पाटील, ह्या दिसात तिला इतकं चालवू नका. मामंजी उठून उभे राहिले.

सुईण आली, तिनं पोटाला हात लावून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पण घरात आता दुमत नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, बास झालं, लई हौस झाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळं मला त्यांच्याशी भांडताही येईना. शाळेत निरोप पाठवला तर मोठ्या बाईंचं उत्तर आलं, की आठ दिवस थांबू शकते. त्यानंतर दीड महिना मोटारीनं आलात तर तपासणीपर्यंत निभावून नेईन, पुढं बाळंतपणाची रजाही बघेन. येणार नसाल तर जागा भरावी लागेल. त्यांचंही बरोबर होतं. वर्ग किती दिवस मोकळा ठेवणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सोप्यात पाटावर कागद घेऊन बसले. अक्षर नेहमी माझं चांगलं, त्या दिवशी पहिली ओळच वाकडी गेली. बाहेर मोटारीचा आवाज आला. दारापुढून, पंधरा पावलांवरून, ती निम्मी रिकामी मोटार धडधडत गेली. मी लिहायची थांबले आणि ती जाईस्तोवर ऐकत बसले. मामंजी ओट्यावरून आत आले होते, ते मला दिसले नाहीत.

त्यांनी विचारलं काय लिहितेस. मी सांगितलं, राजीनामा. लिहिला तर काय होईल आणि नाही लिहिला तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. कोर्टात विचारावं तसंच. मी सगळं सांगितलं, तपासणीचं, पक्कं होण्याचं, मोठ्या बाईंच्या निरोपाचं. ते ऐकून परसात गेले आणि पहार घेऊन बाहेर पडले.

पुढचं मालकांनी बघितलं. ते मागं धावले होते. मामंजी चिखलातून सरळ शिवेपर्यंत गेले, धोतर वर खोचलंही नाही. पाटीच्या बुडाशी पहार घातली आणि उकरायला लागले. मालक हात लावायला गेले तर त्यांना बाजूला सारलं. ओढ्यापलीकडची माणसं जमली. त्यांच्यातला एक जण, मुकदम्यात इतकी वर्षं समोर उभा राहणारा, पुढं आला. म्हणाला,

"पाटील, सोताच्या हातानं पाटी काढताव. मंग शीव सोडली म्हनायची का?"

"सोडली," मामंजी म्हणाले. "सून पडली माझी. पाटी दारात पायजे."

कोणी हसलं नाही, असं मालक सांगायचे. उलट त्या माणसानं खांबाला हात घातला आणि तो वर ओढू लागला.

मी दारात उभी होते तेव्हा मामंजी सडकेनं येताना दिसले. खांद्यावर पाटी, गुडघ्यापर्यंत चिखल, परीटघडीच्या धोतराचा पार राडा झालेला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी अडवलं नाही. त्यांनी आमच्या ओट्यापुढं, सडकेच्या कडेला खड्डा घेतला, पाटी रोवली, भोवती दगड ठोकले. मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन गेले. माझ्या हातून तो घेताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, फक्त म्हणाले, कागद फाडून टाक. मी रडणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी दारातच रडले. सगळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार आली. ड्रायव्हरनं पाटी बघितली, डोकं खाजवलं आणि थांबला. मागून रीतसर अर्ज वगैरे झाला, तो मीच लिहिला. त्या सकाळी माझ्या मागून भाजीवाल्या बायाही टोपल्या घेऊन चढल्या.

नोकरी त्या हिवाळ्यात पक्की झाली. मुलगी झाली, मग मुलगा झाला. मी त्याच शाळेत केस पांढरे होईपर्यंत शिकवलं आणि शेवटी मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसून निवृत्त झाले. मुकदम्याच्या पुढच्या पेशीला मामंजी गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. पट्टी पलीकडच्यांची झाली. मामंजी त्यानंतर बारा-तेरा वर्षं जगले. संध्याकाळी जेवायच्या आधी पायी फिरायची त्यांची सवय तशीच होती. पण घरातून बाहेर पडले की ते शहराच्या बाजूला वळायचे. ओढ्याकडं गेलेलं त्यांना पुन्हा कधी कोणी पाहिलं नाही.